अडकलेल्या मालाचे व्याज

आषाढ लागला की राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर कापडाच्या दुकानांवर सेलच्या पाट्या लागतात. गिऱ्हाईक म्हणते, ‘माल खपत नसणार!’ दुकानदारालाही त्यात थोडा कमीपणा वाटतो. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र ती पाटी शहाणपणाची वाटते.

भरलेले दुकान म्हणजे लक्ष्मीचा वास, ही आपली जुनी समजूत. पण कर्ज काढून भरलेल्या मालाचा हिशेब निराळा. दहा लाखांचा माल पडून असेल आणि व्याज शेकडा 12 असेल, तर महिन्याला 10 हजार रुपये नुसते व्याजात जातात. गाळ्याचे भाडे, विमा, वाळवी आणि बदलती फॅशन वेगळीच. 1974 साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने कोणत्या उद्योगाने किती माल बाळगावा याची मापेच ठरवून दिली. बँकेचा पैसा उत्पादनासाठी आहे, साठवणुकीसाठी नव्हे, हा त्यामागचा विचार.

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, आणि साखर मात्र बँकेकडे तारण म्हणून गोदामात. 2018 मध्ये केंद्राने महिन्याचा विक्री कोटा आणि किमान दर बांधून दिला. फेब्रुवारी 2019 मध्ये तो दर किलोला 31 रुपये झाला. म्हणजे स्वस्तात विकून मोकळे होण्याची वाटही बंद. दुकानदाराला ती मोकळीक आहे, तरी तो हातचा माल सोडत नाही!

थांबण्याची किंमत मार्च 2017 मध्ये दिसली. 1 एप्रिलपासून बीएस-3 वाहने विकायची नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला दिला. देशात अशी आठ लाखांवर वाहने शिल्लक होती, त्यांत दुचाकी सर्वाधिक. मग दोन दिवस शोरूमसमोर झुंबड उडाली आणि हजारो रुपयांची सूट द्यावी लागली.

जीएसटीतली एक गोष्टही ध्यानात ठेवावी. माल कमी भावात विकला, तर खरेदीवरच्या कराची वजावट टिकते. पण नष्ट केला, हिशेबातून काढून टाकला किंवा फुकट वाटला, तर ती परत करावी लागते. तेव्हा जोवर गिऱ्हाईक आहे तोवरच विकावे.

‘घेतलेल्या भावाला तरी जाऊ दे,’ हा हट्ट अनेकांना महागात पडतो. घेतलेला भाव काल संपला. आजचा भाव गिऱ्हाईक ठरवते. निम्म्या किमतीत सुटलेल्या पैशातून दिवाळीचा चालणारा माल येतो, नोकरांचा पगार निघतो. लक्ष्मी चंचल आहे म्हणतात. दुकानात ती चंचल असलेलीच बरी.