गाडीचे वय : कागदावरचे आणि इंजिनातले

जुनी जपानी स्पोर्ट्स कार बाळगण्याची हौस आपल्याकडे सहजी भागत नाही. तीन वर्षांहून जुनी परदेशी गाडी आयात करायला आपले नियम सर्वसाधारणपणे परवानगीच देत नाहीत. त्यामुळे मध्यमवर्गाने ही हौस मारुतीवर भागवली. त्यातही चालवण्याचा खरा आनंद दिला तो झेनने. ९९३ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे सुझुकी इंजिन, ५० अश्वशक्ती आणि आठशे किलोंहून कमी वजन! १९९३ साली झेन बाजारात आली, आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे रोह्याहून आमच्या वीरपर्यंत पोहोचली. रेल्वेमार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला, झेनचे उत्पादन मात्र २००६ मध्येच थांबले. तरीही माझी १९९७ची झेन आजही महाडच्या बाजाराला जाऊन येते.

जुनी गाडी बाळगायची तर अर्धे मेस्त्री व्हावेच लागते. कोकणातला पाऊस आणि कार्बोरेटरची गाडी यांचे वाकडे. सकाळी गाडी चालू होत नसेल, तर आधी एक प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही, कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. पावसाळ्यात बहुतेक वेळा गुन्हेगार निघते ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत साठलेली ओल. कोरड्या फडक्याने पुसली की काम झाले. या इंजिनाला संगणक नाही. म्हणूनच दोष डोळ्यांना दिसतो आणि गावातल्या मेस्त्रीच्या हाताला सापडतो.

अलीकडे मात्र एक नवे दुखणे आले आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहिली की त्याचा त्रास जाणवतो. शिवाय जुने रबर त्याने फुगते, चिरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच अशा जुन्या चारचाकींचे इंधन ६ ते ७ टक्के अधिक जळेल, असे नमूद केले होते. मी पेट्रोलच्या नळ्या आणि सील बदलून घेतले, कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा बसवला. इथेनॉलमुळे ऊस उत्पादकाला बाजार मिळतो, तेलाची आयात कमी होते, हे मान्यच आहे. पण जुन्या गाडीवाल्याला इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

आता गाडीत बदल करण्याविषयी. रुंद चाके, गर्जणारा सायलेन्सर, दुसरे इंजिन यांचा तरुणांना मोह पडतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ आराखड्याबाहेरच्या बदलांना आडकाठी करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लागू केले. ते योग्यच आहे. ब्रेक आहेत तेच ठेवून केवळ ताकद वाढवणे म्हणजे घाटात जिवाशी खेळ. गाडी मुळात होती तशी ठणठणीत राखणे हाच माझ्या मते उत्तम बदल.

खरा प्रश्न पुढे आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क २०१७ मध्ये मी ६०० रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळाच. शिवाय पेणच्या परिवहन कार्यालयाची फेरी आहेच. सरकारची बाजू पोकळ नाही. माझी गाडी किलोमीटरमागे नव्या गाडीच्या अनेक पट धूर सोडते, आणि अपघातात जीव वाचवणारी एअरबॅग तिच्यात नाही. दिल्लीसारख्या कोंदलेल्या शहरात कडक नियम हवेतच. पण महिन्याला दीडशे किलोमीटर धावणारी वीरची गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी शहरातली गाडी यांना एकच माप कसे लावता येईल?

जपानमध्ये नव्या गाडीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला वार्षिक कर सुमारे १५ टक्के जास्त पडतो. म्हणजे वयाचा भार तिथेही आहे, पण मुख्य भिस्त तपासणीवर आहे. आपणही धूर, ब्रेक, गंज आणि वर्षभरातले अंतर मोजावे, आणि जी गाडी नापास होईल ती खुशाल भंगारात घालावी.

जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले, तेव्हा चिखलाने भरलेली वाहने पुन्हा उभी करायला आधी धावून आले ते गावातले मेस्त्रीच. दुरुस्तीची ही विद्या जुन्या गाड्यांवरच शिकली जाते. ठणठणीत गाडी केवळ वयामुळे परवडेनाशी केली, तर भंगारात लोखंडाबरोबर ती विद्याही जाईल. आणि तिची फेरनोंदणी कोणत्याही कार्यालयात होत नाही.