पाहुण्याला वाट कोणी दाखवायची?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबईत माणसांचे दोन प्रवाह सुरू होतात. एक मुंबईकरांचा, आपापल्या गावाकडे जाणारा. दुसरा गावाकडून मुंबईकडे येणारा. पहिल्या प्रवाहाची चर्चा पुष्कळ होते. जादा गाड्या किती सुटणार, आरक्षण मिळणार की नाही, या बातम्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरतात, आमचेही भरतात. दुसऱ्या प्रवाहाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी बोरिवलीस निघालेली आई, परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी करून घ्यायची म्हणून मुलुंडच्या भाच्याकडे उतरणारा शेतकरी, अंधेरीतल्या एखाद्या कचेरीत मुलाखतीसाठी आलेला नवा पदवीधर, अशी ही माणसे असतात. हातात पिशवी, खिशात कागदावर लिहून आणलेला पत्ता आणि मनात धास्ती घेऊन ती या नगरीत पाऊल ठेवतात. त्यांच्यापाशी मोटार नसते आणि कोणी ती स्टेशनवर पाठवील अशी आशाही नसते.

आज या बिनमोटारीच्या पाहुण्याविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. एखादे शहर कितपत सुजाण आहे याची खरी परीक्षा तेथील रहिवाशाला विचारून होत नाही. रहिवासी सवयीने शहाणा झालेला असतो. पाटी नसली तरी त्याचे पाय आपोआप योग्य जिन्याकडे वळतात. पाहुण्याला मात्र शहर जे लिहून ठेवील तेवढेच कळते. म्हणून त्याची जेथे अडचण होते, तेथे शहराच्या व्यवस्थेतील दोष उघडा पडतो.

प्रथम श्रेय द्यावयाचे तेथे देऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या वाटेनेच. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली. १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईच्या हद्दीत आली, तरी तेथील जुनी मंडळी चर्चगेटकडे निघाली की अजून ‘मुंबईला जातो’ असेच म्हणतात. पुढे ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. २०२२ आणि २०२३ मध्ये दहिसर ते अंधेरी अशा दोन मेट्रो मार्ग आले. २०२५ च्या ऑक्टोबरात आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण झाली. लोकलने रोज सुमारे ७० लाख प्रवासी ये-जा करतात आणि दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपयांना मिळते. या शहराने रूळ घातले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. गर्दीचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आमचा आजचा प्रश्न त्याहून लहान आहे आणि म्हणूनच तो सुटण्याजोगा आहे. घातलेल्या रुळांपर्यंत परक्या माणसाने पोहोचावे कसे, हे त्याला कोणी सांगावयाचे?

उदाहरणेच घेऊ. ‘अंधेरी पश्चिम’ या नावाचे एक मेट्रो स्थानक आहे. लोकलने अंधेरीस उतरलेला पाहुणा पश्चिमेस बाहेर पडतो आणि ते समोरच असेल अशा समजुतीने शोधू लागतो. वस्तुतः ते स्थानक रेल्वेच्या अंधेरीजवळ नाही, ते डी. एन. नगर येथे आहे. अंधेरी रेल्वे स्थानकालगतच्या मेट्रोत बसून आझादनगर ओलांडावे, डी. एन. नगरला उतरावे, पुलावरून पलीकडे जावे, तेव्हा ‘अंधेरी पश्चिम’ सापडते! उलट गुंदवली आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ही दोन निराळ्या नावांची स्थानके पादचारी पुलाने एकमेकांना जोडलेली आहेत. पण नावांवरून तसा संशयही येऊ नये. मालाड पश्चिम, गोरेगाव पश्चिम, बोरिवली पश्चिम या मेट्रो स्थानकांचीही हीच कथा. ती त्या त्या उपनगरातील लिंक रोडवर आहेत. रेल्वे स्थानक तेथून पायी जाणाऱ्याला दूर पडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

बसचा अनुभव याहून वेगळा नाही. अंधेरी पूर्वेच्या स्थानकाकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसवर ‘आगरकर चौक’ अशी पाटी असते. गोपाळ गणेश आगरकर हे आमच्या व्यवसायातील थोर पूर्वज. त्यांचे नाव रोज हजारो प्रवाशांच्या डोळ्यांसमोर येते याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु आगरकर चौक म्हणजे अंधेरी स्टेशन, हे नवख्या माणसाने कोठून जाणावे? त्या पाटीखाली ‘अंधेरी स्थानक पूर्व’ एवढे तीन शब्द प्रत्येक बसवर आणि प्रत्येक थांब्यावर ठळक अक्षरांत असले, तर आगरकरांच्या कीर्तीला यत्किंचितही उणेपणा येणार नाही. २०२५ च्या मे महिन्यात बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले. खर्च वाढला की भाडे वाढते, हे समजण्याइतका सामान्य प्रवासी समंजस आहे. भाडे दुप्पट झाल्यावर निदान थांब्यावर कोणती बस कोठे जाते हे वाचता यावे, ही त्याची अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

आता मुलुंडच्या भाच्याकडे उतरलेल्या त्या पाहुण्याला बोरिवलीच्या बहिणीला भेटावयाचे आहे असे समजू. नकाशावर दोन्ही उपनगरे शेजारी दिसतात. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि अरण्य आहे. आपल्या लोकलच्या वाटा उत्तर-दक्षिण धावतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जावयाचे तर वळसा अटळ. पूर्वी दादरपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर यावे लागे. आता लोकलने घाटकोपर, मेट्रोने अंधेरी आणि पुन्हा लोकलने बोरिवली असा सुखाचा मार्ग झाला आहे. हा मार्ग उत्तम आहे. पण मुलुंडच्या स्थानकावर तो पाहुण्याच्या नजरेस पडेल असा लिहिलेला असावा की नाही? तिकिटांचेही तसेच. खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढणाऱ्याला ही यात्रा एका तिकिटात घडत नाही. रेल्वेची खिडकी वेगळी, मेट्रोची वेगळी. २०२५ च्या ऑक्टोबरात रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि महानगर प्रदेशातील बससेवा अशा अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एकत्र देणारे ‘मुंबई वन’ हे मोबाइल ॲप सुरू झाले. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तथापि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज, तो साठी उलटलेला पाहुणा मोबाइलचा उपयोग मुलाचा फोन घेण्यापुरताच करतो. लोकलवर एक, तीन आणि पाच दिवसांची पर्यटक तिकिटेही मिळतात. किती पाहुण्यांना ती ठाऊक आहेत? खिडकीवर मागितल्याशिवाय जे मिळत नाही आणि आहे हे ठाऊक नसल्यामुळे जे कोणी मागत नाही, त्या सोयीचा उपयोग तो काय?

काहीजण म्हणतील, पाहुण्याने सरळ रिक्षा करावी. उपनगरात रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे आणि एखाद्या वेळी ते कोणालाही परवडेल. परंतु जवळचे ठिकाण सांगितले की मान हलवून पुढे जाणारी रिक्षा कोणी पाहिलेली नाही? शिवाय माहीम-शीवच्या पलीकडे रिक्षाला शहरात प्रवेशच नाही. रोज रुग्णालयाच्या वाऱ्या करणाऱ्या कुटुंबाला रिक्षा-टॅक्सीवर अवलंबून राहा असे सांगणे, हा सल्ला नव्हे, थट्टा आहे.

आणि अखेरीस पाय! गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस पादचारीच असतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल बंद झाला आणि नवा पूल पूर्णपणे खुला व्हायला २०२५ चा मे महिना उजाडला. याच काळात दक्षिण मुंबईत समुद्राकाठी तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा किनारी रस्ता झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, रिक्षाला मज्जाव आहे. तो मुख्यतः मोटारीसाठी आहे. रस्ता झाला याचे आम्हांस दुःख नाही. परंतु मोटारीसाठी समुद्र हटवू शकणाऱ्या नगरीला घाटकोपर किंवा बोरिवली स्थानकाबाहेर पिशवी घेतलेल्या माणसासाठी चार हात मोकळा पदपथ ठेवता येऊ नये, हे आम्हांस समजत नाही.

मग एवढे असूनही पाहुणे मुक्कामी पोहोचतात कसे? याचे उत्तर प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. डब्यात कोणीतरी विचारतो, ‘कुठे उतरायचंय, काका?’ आणि सांगतो, ‘अहो, ही फास्ट आहे, जोगेश्वरीला थांबत नाही, अंधेरीला उतरून मागची स्लो घ्या.’ कोणी दोन स्थानके आधीच त्याला दाराकडे सरकायला सांगतो, कोणी त्याची पिशवी हातोहात पुढे पोहोचवतो. दिवसभर राबून घरी परतणारी, स्वतः एका पायावर उभी असलेली माणसे हे करतात. या माणुसकीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु अभिमानाबरोबर एक शंकाही मनात येते. रेल्वे, महापालिका, बेस्ट आणि मेट्रोच्या कारभाऱ्यांनी आपले कर्तव्य तर या भल्या माणसांवर सोपवून टाकलेले नाही ना? पाटीचे, नकाशाचे, चौकशीच्या खिडकीचे काम अनोळखी प्रवाशाच्या सौजन्यावर चालले आहे. सौजन्य हा नागरिकाचा गुण आहे. व्यवस्थेने त्यावर आपली उधारी चालवू नये. मध्यरात्रीच्या गाडीने एकट्या उतरलेल्या बाईला डबा रिकामा मिळाला, तर तिने कोणाला विचारावे?

हे काम अवघड नाही याचा पुरावा दादरने दिला आहे. तेथे दोन रेल्वे मिळतात आणि दोन्हींचे फलाट एकपासूनच मोजले जात. एक नंबरच्या फलाटावर भेटू असे ठरवून दोघे दोन निराळ्या फलाटांवर ताटकळत उभे राहत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे पुढचे क्रमांक देण्यात आले आणि वर्षानुवर्षांचा घोटाळा मिटला. त्यासाठी भुयार खणावे लागले नाही, पूल बांधावा लागला नाही. दोन कारभार प्रवाशासाठी एकत्र बसले, एवढेच. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९३३ साली हॅरी बेक या आरेखकाचा नकाशा छापला. खऱ्या अंतरांचा हट्ट सोडून, कोणती गाडी कोठे कोणत्या गाडीला मिळते एवढेच त्याने सरळ रेषांत दाखवले. परका माणूस त्या शहरात तेव्हापासून त्या नकाशाच्या आधारे फिरतो आहे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरांना हे तत्त्व ठाऊक असते. भिंतीवर नकाशा टांगल्याशिवाय वर्गाला दिशा समजत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. उपनगरांतील प्रत्येक स्थानकाच्या दोन्ही दारांशी, पूर्वेस आणि पश्चिमेस, ठळक मराठीत एक नकाशा असावा. जवळची मेट्रो कोठे, बस कोठून, शेअर रिक्षा कोणत्या भाड्याने आणि मोठे रुग्णालय कोणत्या दिशेस, हे त्यावर लिहावे. जे स्थानक रेल्वेला जोडलेले नाही, त्याच्या नावाखाली तसे स्पष्ट सांगावे. जी जोडलेली आहेत, त्यांना एकच नाव द्यावे. सर्व वाहनांना चालणारे एक तिकीट रोख पैसे देऊन खिडकीवर मिळावे. आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत एका खिडकीत विचारता येईल असे एक माणूस बसावे. या चार गोष्टींचा एकत्रित खर्च किनारी रस्त्याच्या काही हातांच्या लांबीइतकाही होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाहुणा चार दिवसांनी आपल्या गावी परत जातो. तेथे ओटीवर बसून तो मुंबईविषयी काय सांगतो, यावर या शहराची खरी कीर्ती अवलंबून असते. आज तो सांगतो, ‘माणसे भली आहेत हो, पण शहरात विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.’ या वाक्याचा पूर्वार्ध मुंबईकरांनी मिळवला आहे. उत्तरार्ध पुसून टाकण्याचे काम कारभाऱ्यांचे आहे आणि ते पुढच्या सुट्टीच्या आत व्हावे.