तेलाचा डबा आणि परकराची नाडी



मागच्या महिन्यात आमच्या हुडकोत एक मेसेज मोबाइल ते मोबाइल फिरत होता. 'रिफाइंड तेलाने त्वचेचा कॅन्सर होतो, आजच फेका!' शेजारच्या काकूंनी सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा डबा कामवाल्या बाईला देऊन टाकला. (तिला कॅन्सर झालेला चालतो का, हे मी विचारलं नाही.)

मेसेज अगदीच हवेतला नव्हता. आहारात फॅट जास्त असलं की अतिनील किरणांमुळे होणाऱ्या त्वचेच्या गाठी उंदरांत लवकर येतात, हे १९३९ मध्येच दिसलं होतं. अमेरिकेत नर्सेस आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सोयाबीन, सूर्यफुलाच्या तेलात असते तसली फॅट जास्त खाणाऱ्यांत धोका थोडासा वाढलेला आढळला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथेच सुमारे ४९ हजार बायकांचा एक मोठा प्रयोग झाला होता. त्यातल्या एका गटाला फॅट कमी करायला लावलं, तरी त्वचेच्या कॅन्सरमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. शिवाय या अभ्यासांतली माणसं बहुतेक गोरी. त्यांचा मुख्य शत्रू ऊन. आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचं छत्र असतं, त्यामुळे आपल्याकडे कारणं बरेचदा वेगळीच निघतात.

लांब कशाला, आपल्या राजनांदगावच्या पलीकडे, अंबागढ चौकीजवळचं कौडीकसा गाव घ्या. १९९० च्या दशकात तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की अंगावर काळे-पांढरे डाग येतात, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी उठतात आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, तेव्हा त्या भागात कुणी नातेवाईक असतील तर पाणी तपासलेलं आहे का, एवढं विचारा.

दुसरं कारण आपल्या कपाटात आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये 'धोतर कॅन्सर' नोंदवला. धोतर घट्ट बांधून कमरेवर वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं जातं, तिथे होणारा. बायकांत हेच परकराच्या नाडीने होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींचीही कमरेवरची जखम दीड-दोन वर्षं भरली नव्हती.

हे मी काकूंना सांगत होते, तर त्या एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलाही आहे गं. दीड वर्ष झालं. खोबरेल लावते."

तेलाचा डबा एका दिवसात गेला, आणि जखम दीड वर्ष झाकलेली!

दुसऱ्याच दिवशी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छोटा तुकडा तपासायला पाठवला. चार आठवड्यांत न भरणारी, कडा जाड झालेली किंवा रक्त येणारी जखम घरी ठेवायची नाही, असं त्यांनी बजावलं. नाडीऐवजी रुंद पट्टा, गाठ सैल आणि रोज थोडी वर-खाली. घरी सलवार किंवा गाऊन.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. कॅन्सर नव्हता. काकूंनी सगळ्या परकरांना रुंद पट्टे शिवून घेतले आहेत. सोयाबीनचा नवा डबाही आला, पण महिन्याला आधीपेक्षा एक लिटर कमी लागतं म्हणतात. ते हृदयासाठी बरंच आहे.