तार गेली, नाव राहिले

'नंबर तोच राहील, फोन तोच राहील, फक्त तार बदलेल.' घरची जुनी लँडलाइन सोडून इंटरनेटवर चालणारा फोन घेऊ पाहणाऱ्यांना तालुक्याच्या गावांतून हे आश्वासन या ना त्या शब्दांत दिले जाते. कोपरगाव त्याला अपवाद नाही. यातले पहिले विधान बहुधा खरे ठरते. नंबर बदललाच तरी ०२४२३ हा कोड टिकतो. दुसरे विधान अर्धे खरे आहे. तिसऱ्यातला 'फक्त' हा शब्द मात्र सरळ दिशाभूल करणारा आहे. आमचे भांडण नव्या यंत्राशी नाही, या 'फक्त'शी आहे.

हे भांडण साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुढे कशासाठी मांडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, एका शब्दाखालची वस्तू काढून घेऊन तिथे दुसरी ठेवली जाते आणि शब्द जसाच्या तसा राहतो, तेव्हा ती घटना तंत्रज्ञानाइतकीच भाषेचीही असते. अशा घटना ओळखणे हा आपला व्यवसाय आहे, निदान असायला हवा.

प्रथम घरातले भांडण. लँडलाइनविषयी दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून जे ललित लेखन होत आले, त्याचा साचा आता पाठ झाला आहे. काळे, जड यंत्र. बोट घालून फिरवायची तबकडी. त्यावर घातलेला विणलेला रुमाल. शेजारच्या काकूंना बोलावायला धावणारे मूल. आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा सुस्कारा. या लेखनात खोटे काही नसते. पण त्यात यंत्रालाच फोन समजले जाते, आणि ते यंत्र किती घरांत होते हा प्रश्न विचारला जात नाही.

दूरसंचार खात्याच्या काळात अर्ज केल्यावर फोन यायला वर्षे लागत. जास्त अनामत भरू शकणाऱ्यांसाठी 'ओन युअर टेलिफोन' नावाची वेगळी रांग होती. खासदारांचा कोटा होता. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे छापली जात. दुसऱ्याच्या घरच्या फोनची ती छापील उसनवारी होती. ही स्थिती आपोआप बदलली नाही. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. धूळ आणि उष्णता सोसणारी, वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजे तिने तयार केली आणि १९८६ पासून ती खेड्यांत बसू लागली. मागोमाग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बाजारपेठांत आणि बसस्थानकांजवळ दिसू लागले. म्हणजे फोन आपल्यापर्यंत आला तो सार्वजनिक निर्णयांतून आला. स्मरणरंजन नेमके हेच पुसून टाकते, आणि त्यामुळे फोन जातो आहे तो कोणत्या निर्णयांतून, हे विचारण्याची त्याला गरजच वाटत नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहावे. १९३० साली पॅरिसच्या 'कोमेदी फ्रांसेज'मध्ये झाँ कोक्तोचे 'ला व्हॉ ह्युमेन' हे एकपात्री नाटक रंगमंचावर आले. एक स्त्री, तिच्या हातातला फोन आणि पलीकडे आपल्याला न ऐकू येणारा तिचा प्रियकर, एवढाच त्याचा संसार. पण त्यातला फोन ही स्मरणवस्तू नव्हे. लाइन मध्येच तुटते, त्रयस्थांचे बोलणे आत घुसते, ऑपरेटरची विनवणी करावी लागते. त्या स्त्रीचे उरलेसुरले नाते त्या व्यवस्थेच्या लहरीवर टांगलेले असते. फोन म्हणजे लाइन, हे कोक्तोला कळले होते. आमचा ललित लेख अजून तबकडीवर बोट फिरवतो आहे.

तेव्हा लाइनविषयी बोलू. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी येई, आणि तिच्यातून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टची वीजही येई. घरातले साधे यंत्र त्या विजेवरच चाले. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असत, बॅटऱ्यांच्या पाठीशी डिझेलचे जनरेटर असे. तिथले डिझेल संपले किंवा वाटेत तार तुटली तर गोष्ट वेगळी; एरवी घरातली लाइट गेली तरी फोन जिवंत राही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. कोपरगाव तालुक्यासारख्या भागात, जिथे घरे गावठाणात कमी आणि उसाच्या शेतांतल्या वस्त्यांवर जास्त, तिथे अंधाऱ्या घरातल्या त्या डायल टोनचे मोल वेगळे सांगायला नको. डायल टोनचा अर्थ एवढाच होता की पलीकडची व्यवस्था चालू आहे, आणि ती चालू ठेवण्याचा भार तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला आहे.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, त्या आकड्यांची लहान लहान पाकिटे केली जातात, आणि ती पाकिटे इतर सगळ्या मजकुराबरोबर, सिनेमा, जाहिराती, बँकेचे व्यवहार यांच्याबरोबर, प्रवास करून पलीकडे पुन्हा जोडली जातात. घरापर्यंत येणारा फायबर हा काचेचा धागा आहे. त्यातून प्रकाश येतो. वीज येत नाही. धाग्याचे टोक भिंतीवरच्या एका डब्याला जोडलेले असते आणि तो डबा घरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की डबा बंद. डबा बंद की फोन बंद. इन्व्हर्टर असेल तर चालेल, हे खरे. पण तो इन्व्हर्टर विकत कोणी घ्यायचा, त्याच्या बॅटरीत पाणी कोणी घालायचे, काही वर्षांनी ती बॅटरी कोणी बदलायची? ग्राहकाने. जे काम एक्स्चेंजची बॅटरी सगळ्या गावासाठी करीत होती, ते आता प्रत्येक घराने आपापल्या खर्चाने करायचे आहे, आणि ज्याला ते परवडत नाही त्याने अंधारात मुके राहायचे आहे. 'फक्त तार बदलेल' या वाक्यात ही जबाबदारीची अदलाबदल बसत नाही.

हे धोरणकर्त्यांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. इंटरनेटवरून बोलण्याला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही मर्यादित. संगणकावरून देशातल्या साध्या फोनला जोडण्याची मुभा तेव्हा नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या विषयावर शिफारशी केल्या, जून २०१८ मध्ये सरकारने त्यानुसार वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी जुलैत भारत संचार निगमने 'विंग्ज' ही अ‍ॅपवरून चालणारी सेवा जाहीर केली. पुढे २०१९ मध्ये 'जिओ फायबर' आणि 'भारत फायबर' यांच्याबरोबर फायबरवरची 'लँडलाइन' घरोघर येऊ लागली. त्या २०१७ च्या शिफारशींत एक कलम आहे. संकटकाळच्या क्रमांकाला फोन लावून देण्याची सोय करण्यास कंपन्यांना उत्तेजन द्यावे, सक्ती तूर्त करू नये. मात्र या बाबतीतल्या मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगाव्यात, असा त्याचा आशय. हे कलम मुख्यतः अ‍ॅपवरच्या फोनसंबंधी होते, हे आम्ही मान्य करतो. पण तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: नवा फोन जुन्यासारखा दिसत असला तरी तो काय करू शकत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 'निःसंदिग्ध शब्दांत' हे शब्द आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. विक्रीच्या भाषेत ते शोधावे लागतात.

अन्यत्र काय झाले? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००५ मध्येच इंटरनेट फोन विकणाऱ्यांना संकटकाळच्या ९११ या क्रमांकाची सोय देण्याचा आणि त्यात मर्यादा असतील तर फोनवर चिकटवायची सूचनापट्टी ग्राहकाला देण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये, वीज गेल्यावर आठ तास फोन चालू ठेवील अशी बॅटरी ग्राहकाला देऊ करण्याचे बंधन घातले. ब्रिटनच्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितले की वीज गेली तरी किमान एक तास संकटकाळचा फोन लागेल असा एक तरी उपाय कंपनीकडे असला पाहिजे. तिथे तांब्याच्या तारांवरची सेवा बंद करण्याची २०२५ अखेरची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली गेली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मदत मागण्याची उपकरणे जुन्या लाइनवर अवलंबून होती, हे त्याचे एक मोठे कारण. जिथे लाइट क्वचित जाते तिथे ही काळजी. जिथे ती वाऱ्या-पावसाबरोबर जाते तिथे 'फक्त'!

आता शब्दाकडे येऊ. मोबाइल येण्यापूर्वी 'लँडलाइन' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. फोन म्हणजे फोन. दुसरा आला तेव्हा पहिल्याला हे नाव मिळाले, आणि त्या नावातच जमीन आणि तार दोन्ही होती. आज आकडेवारी पाहिली तर देशात तारेवरच्या फोनजोडण्या २००६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात होत्या, २०२० पर्यंत त्या सुमारे दोन कोटींवर उतरल्या, आणि २०२४ अखेरीस पुन्हा साडेतीन कोटींच्या पुढे गेल्या. यावरून लँडलाइनला नवजीवन मिळाले असे म्हणायची सोय आहे, पण वाढले ते मुख्यतः फायबर.

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे, आणि संजीवनी विद्येची कथा इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'मुळे ती मराठी नाट्यरसिकालाही परिचित आहे. त्या कथेत कच पुन्हा उठला तेव्हा तो कचच होता. इथे उठून आलेले कोणी दुसरेच आहे. नाव तेवढे जुने लावले आहे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: तांब्याची तार आधीच मेली होती. हा आक्षेप खरा आहे. रस्ता खोदताना तुटणारी, पावसात खरखरणारी, चोरीला जाणारी तार आणि आठवडेच्या आठवडे न येणारा लाइनमन हा अनेकांचा अनुभव आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यानंतर तार जोडायला माणूस कुठून यावा? पण हा आक्षेप आमच्या बाजूचाच पुरावा आहे. तार आपोआप मेली नाही, तिची निगा थांबली. आणि जुनी सेवा बिघडली म्हणून नव्या सेवेची कर्तव्ये आपोआप कमी होत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना घरच्या फोनला लाइट गेल्यावर काही तास विश्रांती मिळाली तर काय बिघडले? बहुतेकांचे काही बिघडत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण आज घरचा फोन कोण जपून ठेवतो, हे पाहावे. मुले पुण्याला किंवा परदेशात आहेत, हाताला कंप आहे, काचेच्या पडद्यावर बोट ठरत नाही, पाठ आहेत ते दोन-तीनच नंबर, अशी म्हातारी माणसे. मोबाइल वापरता येत नाही म्हणूनच ज्यांनी लँडलाइन ठेवली, त्यांना 'मोबाइल आहेच की' असे सांगणे म्हणजे लंगड्याला 'काठी कशाला, पाय आहेत ना' असे विचारणे होय. शिवाय मोबाइलचा टॉवरही विजेवर आणि बॅटरीवरच उभा असतो. लाइट फार वेळ गेली तर तोही गप्प होतो.

फायबर घेऊ नका, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. आवाज स्वच्छ येतो, खर्च कमी पडतो, दूरच्या नातवाचा चेहरा दिसतो; या गोष्टी तुच्छ लेखणे हा सुखवस्तू माणसाचा ढोंगीपणा ठरेल. आमची मागणी साधी आहे. घरात बसवलेल्या डब्याबरोबर काही तास पुरेल अशी बॅटरी द्यावी, आणि ती सेवेचा भाग मानावी, वर विकायची वस्तू नव्हे. 'वीज गेल्यावर हा फोन चालणार नाही' हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, डब्यावर चिकटवावे. संकटकाळी ११२ लागेल की नाही, हे जोडणी घेण्याआधी लेखी सांगावे. यांतले काहीच महाग नाही. अवघड आहे ते एवढेच, की हे सांगितल्यावर 'फक्त तार बदलेल' असे म्हणता येणार नाही.

आणि मराठी लेखकांकडे एक मागणी. तबकडीचे शोकगीत आता पुरे झाले. घरच्या फोनवर लिहायचेच असेल तर लाइट गेलेल्या घरात, मुक्या डब्याशेजारी रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या म्हातारीविषयी लिहावे. तिला फोन का लागत नाही, याचे उत्तर आठवणींत सापडणार नाही. ते करारनाम्यात आहे, आणि तो वाचायला आपण शिकलो पाहिजे.