भंगार गेले, जबाबदारी उरली

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 1920च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी आता 500 चौरस फुटांची सदनिका! पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोशिकतेचे हे फळ आहे. त्याचा आम्हांला मनापासून आनंद होतो. परंतु बिऱ्हाड हलवताना माळ्यावरून निघणारा जुना टीव्ही, बंद पडलेला मिक्सर, मोबाइल आणि चार्जर यांचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारतो काय?

‘भंगारवाल्याला दिले,’ हे आपले ठरलेले उत्तर. चार पैसे आले, विषय संपला! आमच्या मते विषय तेथूनच सुरू होतो. असा पुष्कळसा माल धारावी, कुर्ला, साकीनाका येथील गाळ्यांत पोहोचतो. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी सर्किटे तेजाबात बुडवली जातात. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते आणि शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. ज्या कोंदट खोलीतून आपली सुटका झाली, तशाच खोलीतील दुसऱ्याच्या लेकराला आपण हे विष पोहोचवतो.

‘यासाठी कायदा आहे,’ असे कोणी म्हणेल. आहे खरा! 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकांवर जबाबदारी टाकतात. पण पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे विकत घेऊन ती पुरी करता येते. त्यासाठी कंपनीला आपल्या जिन्यापर्यंत यावे लागत नाही. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नाही.

भंगारवाल्याला दोष देणे हा तर शुद्ध दांभिकपणा होय. दारोदार हिंडून गोळा करणारा तोच एक आहे. त्याच्या श्रमाला दाम मिळावा. माल मात्र नोंदणीकृत केंद्रातच जावा.

पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. तो ऐकायचा तर प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आणि प्रत्येक धर्मग्रामाने अशा वस्तूंसाठी एक कुलूपबंद जागा राखावी, नोंदणीकृत केंद्राची गाडी बोलवावी आणि पावती मागून घ्यावी. नव्या घराचा आशीर्वाद मागणाऱ्यांनी जुन्या घरातल्या विषाचा हिशेब आधी द्यावा.