एक डबा, दोन कारभार

घरात कॉम्प्युटर आला की तो 'घराचा' आहे असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ज्याला पासवर्ड माहीत, त्याचा तो असतो. बाईला कधी लागलाच तर 'जरा लावून दे रे' म्हणत मुलाच्या मागे लागावं लागतं. आपल्या संस्थांच्या कार्यालयांतही चित्र फार वेगळं नाही. तिथे 'कॉम्प्युटरवाला' असतो. तो येतो, काहीतरी करतो, पैसे घेऊन जातो. नेमकं काय केलं, हे आपण विचारत नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडतो, बँकेचं खातं तिच्या नावावर असावं म्हणून आग्रह धरतो. टेबलाखालच्या या डब्याचा विषय मात्र आपल्या बैठकीत येत नाही. म्हणून मैत्रिणींनो, लेख थोडा तांत्रिक वाटला तरी पुढे वाचा.

माझं म्हणणं असं आहे. जी कार्यकर्ती हिंसाचाराच्या केसेसचं काम कॉम्प्युटरवर करते, तिच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असाव्यात. त्यातल्या एकीची किल्ली फक्त कामाशी संबंधित बायकांकडे असावी.

हे सुचण्याचं कारण एक चिकटपट्टी आहे. आमच्या कार्यालयातलं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. परत आलं तेव्हा कॅबिनेटवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने आमचा पासवर्ड लिहिलेला होता. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, त्याची ती रोजची पद्धत. पण आत ज्या बायकांची नावं, पत्ते, माहेरचे फोन नंबर होते, त्या आम्हाला 'ताई, कुणाला सांगू नका' म्हणाल्या होत्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, जे १ जुलै २०२४ पासून लागू झालं, ते बलात्कारपीडितेचं नाव छापण्याला किंवा प्रसिद्ध करण्याला गुन्हा ठरवतं. कायदा प्रसिद्धीपाशी सुरू होतो, आपली जबाबदारी मात्र त्याच्या खूप आधी, ती बाई समोर बसून बोलायला लागते तिथे सुरू होते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा कारभार पाहणारी व्यवस्था. कुठली फाइल कुठे ठेवायची, कुणाला दाखवायची, छपाईला काय पाठवायचं हे सगळं ती ठरवते. विंडोज मायक्रोसॉफ्ट कंपनीची. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढवला. तो फुकट मिळतो. पण फुकट असण्यापेक्षा तो उघडा आहे, कुणालाही आत डोकावून तपासता येतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं. बाकी आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये विंडोजही बऱ्याचदा फुकटच असते. दुकानदार 'टाकून देतो ना मॅडम' म्हणतो आणि आपण पावती मागत नाही. एरवी एकेका व्हाउचरसाठी भांडणाऱ्या संस्था इथे गप्प कशा, याचं मला नवल वाटतं.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? मुक्त सॉफ्टवेअरवाले मित्र हेच म्हणतात, आणि तत्त्व म्हणून ते बरोबरही आहे. पण ते आमच्या कपाटात डोकावलेले नाहीत. हिशेब टॅलीत आहेत आणि टॅली विंडोजवर चालते. जुन्या केसेस, अहवाल, पत्रकं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. पंधरा-वीस वर्षांचं काम असं मुकं करून टाकणं परवडणार नाही. ते हळूहळू युनिकोडमध्ये आणेपर्यंत विंडोज लागणार. नवीन मजकूर मात्र लिनक्सवर सुखाने लिहिता येतो, मराठी इन्स्क्रिप्ट कळपाट तिथे मिळतोच.

लिनक्सच्या बाजूने आणखी एक कारण अलीकडे आलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी कंपनीच्या अटीप्रमाणे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगली चालणारी मशीन एका तारखेला 'जुनी' ठरली. लिनक्स मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरी. आपलं मशीन म्हातारं झालं की नाही हे आपण ठरवावं, असं मला वाटतं. बायकांच्या बाबतीत तर आपण हे वर्षानुवर्षं म्हणतोच आहोत.

आता प्रत्यक्ष. मी माझं मशीन घरी जोडलं आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय वेगवेगळे आणले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. मिक्सरचं भांडं उघडून ब्लेड बदलणाऱ्या बाईला यातलं काहीही अवघड नाही. (आपण ज्या डब्याला 'सीपीयू' म्हणतो तो नुसता डबा आहे. सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीहून लहान चकती.) घरी जोडलेल्या मशीनचा खरा फायदा असा की दुसरी डिस्क लावायला आत जागा असते. एकाच डिस्कचे भाग पाडूनही दोन सिस्टिम बसवता येतात, पण मी तसं सुचवणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशा कित्येक मशीनवरचं लिनक्स सुरूच होईना.

त्यापेक्षा दोन घरं वेगळी ठेवावीत. आधी विंडोज एका डिस्कवर बसवायची. मग मशीन बंद करून त्या डिस्कची केबल काढायची, दुसरी डिस्क लावायची आणि तिच्यावर लिनक्स बसवायचं. केबल काढणं महत्त्वाचं, कारण नाहीतर लिनक्स आपली सुरुवातीची फाइल पहिल्या डिस्कवर नेऊन ठेवण्याची शक्यता असते. बसवताना डिस्क कूटबद्ध करायची का, असा प्रश्न येतो. तिथे हो म्हणायचं. मग केबल परत लावायची. मशीन चालू करताना मदरबोर्डने नेमून दिलेलं बटण दाबलं की कुठली डिस्क हवी ते निवडता येतं. लिनक्समधून विंडोजच्या फाइली सहसा दिसतात, पण विंडोजमधून ही कूटबद्ध डिस्क वाचता येत नाही. मुलगा विंडोजवर खेळ खेळला, भाच्याने कुठून व्हायरस आणला, तरी केसेस वाचल्या जाणार नाहीत. विंडोज कधी कधी त्या अनोळखी डिस्ककडे बघून 'फॉरमॅट करू का' विचारते. घरात सगळ्यांना बजावून ठेवायचं, नाही म्हणा. आणि वेगळी प्रत ठेवायचीच.

एक बारीकशी गोष्ट वकील मैत्रिणींना रस वाटेल अशी. मशीनमधल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज सुरू केली की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. दुपारी अडीचला टाइप केलेल्या जबाबावर सकाळी नऊची वेळ पडते. उलटतपासणीत समोरचा वकील हे सोडेल का? लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळायला लावता येतं. पहिल्याच दिवशी ते करून टाकावं.

'आपल्या बायकांना हे झेपेल का' हा आक्षेप मला बाहेरच्यांपेक्षा आपल्यातूनच जास्त ऐकू येतो. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या कॉम्प्युटरला काम शिकवणाऱ्या सहाजणी बायका होत्या, हे इतिहासाने बराच काळ सांगितलं नाही. इतक्या लांब जायचं नसेल तर केरळ पाहा. तिथल्या सरकारी शाळांमध्ये गेली अनेक वर्षं लिनक्सवर संगणक शिकवतात, आणि शिकवणाऱ्यांत शिक्षिका मोठ्या संख्येने आहेत.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करते. हा उपाय कार्यकर्तीसाठी आहे. मारहाण होत असलेल्या घरातल्या बाईला 'तुझी वेगळी सिस्टिम बसवून घे' असा सल्ला कुणी देऊ नये. कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क दिसली, पासवर्ड मागणारी पाटी पडद्यावर आली, की 'काय लपवतेस' म्हणून तिच्यावर हात उठेल. तिची कागदपत्रं त्या घरात नसणंच सुरक्षित. ती आपल्याकडे असावीत, आणि आपल्याकडे नीट असावीत.

कूटबद्ध डिस्कचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारा कुणी नसतो, दुकानदारही नाही. म्हणून तो किमान दोघींना माहीत हवा, आणि त्याची एक प्रत बंद पाकिटात, कार्यालयाबाहेर, विश्वस्तांपैकी एकीकडे. कुणी काम सोडलं की त्याच आठवड्यात पासवर्ड बदलायचा. आमच्याकडे यावर दोन बैठका झाल्या. 'म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का' इथपर्यंत बोलणं गेलं. पाकीट कुणाकडे राहील हे अजून ठरायचं आहे.