फॉरमॅट करू का, असं विंडोज विचारतं तेव्हा

इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबंटू असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यामुळे या सदराकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. विंडोज सुरू केलं की पडद्यावर चौकट उघडते : ई ड्राइव्ह वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? यावेळी ज्यांनी विचारलं आहे त्यांच्या त्या 'ई'मध्ये आजोबांनी जपलेल्या मोडी कागदांचे स्कॅन आणि घरातल्या दोन पिढ्यांच्या लग्नांचे फोटो आहेत. काल रात्री उबंटूमध्ये सगळं दिसत होतं, आज विंडोज म्हणतं, डिस्क ओळखता येत नाही.

उत्तर आधी देतो. 'कॅन्सल' दाबा. मग पुढचं वाचा.

तुमच्या घरातला मोडी कागद आज कुणाच्या हातात दिला तर बहुतेकांना एक अक्षर लागणार नाही. म्हणून कागद कोरा आहे असं कुणी म्हणत नाही, आणि रद्दीतही घालत नाही. विंडोजचं मात्र नेमकं तसंच होतं. उबंटू आपल्या फायली सहसा 'ईएक्सटी४' या पद्धतीने मांडतं, विंडोजला 'एनटीएफएस', 'फॅट३२', 'एक्सफॅट' या पद्धती वाचता येतात. जे वाचता येत नाही त्याला ते 'रॉ' म्हणतं आणि पुसून नव्याने आखायची तयारी दाखवतं. डिस्क बिघडली आहे, असा त्याचा अर्थ नाही.

पण मग सगळ्यांनाच ही चौकट का दिसत नाही? इथे खरी गंमत आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्कची विभागणी 'जीपीटी' नावाच्या तक्त्यात नोंदवलेली असते, आणि त्यात प्रत्येक पार्टिशनपुढे तिच्या प्रकाराचा शिक्का असतो. लिनक्सचा शिक्का असला तर विंडोज तिला ड्राइव्हचं अक्षर देतच नाही, गुपचूप पुढे जातं. मात्र लिनक्सची काही जुनी साधनं स्वतःच्या पार्टिशनवरही विंडोजच्या 'बेसिक डेटा' प्रकाराचाच शिक्का मारायची. शिक्का आपला आणि आतली लिपी परकी, असं दिसलं की विंडोज गोंधळतं. जुन्या डिस्कवर किंवा जुन्या साधनाने पार्टिशन केलेली असेल तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायला उबंटू सुरू करा आणि 'डिस्क्स' हे ॲप उघडा. पार्टिशनवर क्लिक केलं की आतली पद्धत आणि तिचा प्रकार दोन्ही खाली दिसतात. फोल्डर उघडत असतील तर पहिलं काम एकच : स्कॅन आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

मग विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट'. आकारावरून नेमकी पार्टिशन ओळखा, तिच्यावर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये अक्षर काढून टाका. याने फक्त अक्षर जातं, फायली जागेवर राहतात, आणि ती चौकट येणं थांबतं. त्याच यादीत 'डिलीट व्हॉल्यूम'ही असतं, तेव्हा हात सावकाश चालवा. मुळावर उपाय हवा असेल तर लिनक्सच्या 'जीडिस्क'मध्ये त्या पार्टिशनचा प्रकार ८३०० करता येतो. त्यात फक्त तक्त्यातला शिक्का बदलतो. टर्मिनलची सवय नसेल तर अक्षर काढण्यावरच थांबा, तेवढं पुरतं.

आणि कुणी आधीच 'फॉरमॅट' दाबलं असेल तर? साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटने बराचसा मजकूर जागेवर राहतो. त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिता 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक'ने प्रयत्न करता येतो. एसएसडीवर मात्र फॉरमॅट करताना विंडोज 'ट्रिम'चा आदेश पाठवतं, म्हणजे ही जागा आता रिकामी समज असं डिस्कलाच सांगतं. त्यानंतर फायली परत मिळण्याची आशा फार थोडी. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडीच असते, म्हणून 'कॅन्सल'चा एवढा आग्रह.

उलट तक्रारही येते : उबंटूमधून विंडोजची 'डी' उघडत नाही, किंवा उघडली तरी तिच्यावर काही लिहिता येत नाही. इथे दोष सहसा 'फास्ट स्टार्टअप'चा. २०१२च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि पार्टिशन आपल्या ताब्यात असल्याची खूण ठेवून जातं. लिनक्स ती खूण पाहून हात मागे घेतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. जबरदस्तीने उघडायचे आदेश सापडतील, ते देऊ नका. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि एकदा नीट बंद करून पुन्हा सुरू करा. घाई असेल तर 'रीस्टार्ट' करून उबंटूत जा, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

तरीही पार्टिशन उघडली नाही आणि 'डिस्क्स'मध्ये 'बिटलॉकर' असं दिसलं, तर ती कुलूपबंद आहे. तिची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा त्या लॅपटॉपच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी ती कागदावर उतरवून ठेवा, कारण तिथला बदल झाल्यावर विंडोजच ती मागू शकतं, आणि कित्येक घरांत ते खातं दादाच्या जुन्या ईमेलवर असतं.

दोन्हीकडे लागणाऱ्या फायलींसाठी वेगळी एनटीएफएस पार्टिशन करा. विंडोजचं ते घरचंच आहे आणि लिनक्सही ती वाचतं आणि लिहितं, फक्त फास्ट स्टार्टअप बंद हवं. आजोबांचे स्कॅन तिथे ठेवलेत तरी बाहेरच्या डिस्कवरची प्रत तशीच राहू द्या.